प्लवकांची मानद नेमणूक

समुद्र स्वच्छ झाला आहे, असा निर्णय कार्यालयाने दुपारच्या चहाआधीच घेतला. त्याला आधार होता. पाणी विभागाने तपासलेल्या नमुन्यांत प्लास्टिकचा एकही कण सापडला नव्हता.

पाणी विभागाची पद्धत शिस्तीची होती. बादलीतलं पाणी आधी बारीक जाळीतून गाळायचं, जाळीत अडकलेले जीव धक्क्यावरून परत समुद्रात सोडायचे आणि उरलेलं नितळ पाणी तपासायचं. जिवांच्या पोटात काय आहे हे बघणं जीव विभागाचं काम. दुसऱ्या विभागाच्या कामात नाक खुपसण्याची पाणी विभागाला सवय नव्हती.

जीव विभागात एकच बाई होत्या. दिवसभर भिंगाला डोळा लावून बसायच्या म्हणून सगळे त्यांना भिंगवाल्या बाई म्हणत. खाडीच्या तोंडाशी एक कारखाना होता, चेहरा घासायच्या साबणात घालतात ते बारीक निळे मणी बनवणारा. समुद्र स्वच्छ असल्याचा दाखला मिळाला की त्याला खाडीत सांडपाण्याचा दुसरा पाइप सोडायची परवानगी मिळणार होती. त्याच खाडीत बाईंचा धाकटा भाऊ जाळी टाकायचा. दाखल्यावर दोन्ही विभागांच्या सह्या लागत. पाणी विभागाची झाली होती.

"साहेब, प्लास्टिक गेलं कुठं, हे विचारलं का कुणी?" बाई म्हणाल्या.

"गेलं ना? मग झालं तर. गेलेल्याची चौकशी करायची आपल्याकडे पद्धत नाही."

बाईंनी साहेबांना जवळजवळ ओढतच भिंगापाशी आणलं. खाली थेंबभर पाणी होतं आणि थेंबात एक प्राणीप्लवक. काचेचं अंग, कपाळावर एकच लाल डोळा, वाऱ्यावर धरल्यासारख्या दोन लांब मिशा. अंधार पडला की वर यावं, उजाडलं की खोल उतरावं, हिरवं शेवाळ खावं आणि मासळीच्या पिल्लांच्या तोंडी जावं, एवढाच त्याचा जन्म. इतका हलका जीव, की समुद्रालाही त्याचं ओझं वाटू नये. त्याच्या पोटात निळे मणी होते, एकापुढे एक, ओवल्यासारखे.

"अरे वा! दागिना घातलाय की!" साहेब म्हणाले.

"साहेब, ते पोट आहे. मण्यांनी भरलंय, म्हणून शेवाळ खात नाही. खात नाही म्हणून अंडी घालत नाही. उपाशी मरतोय तो, भरल्या पोटानं."

"थांबा, थांबा. म्हणजे हा कचरा खातो?"

"खातो."

"आणि पगार?"

बाई उत्तर द्यायला वळेपर्यंत साहेबांनी हेडक्लार्कला हाक मारली होती.

संध्याकाळपर्यंत आदेश निघाला. खाडीतील समस्त प्राणीप्लवकांची 'मानद सागर स्वच्छता सेवक' या पदावर नेमणूक करण्यात येत आहे. गणवेश अनुज्ञेय नाही. भोजनाची व्यवस्था कामातच अंतर्भूत आहे.

बाईंनी सही केली नाही. उलट लेखी कळवलं, की प्लवकांची विष्ठा पूर्वी जड होऊन तळाशी जायची, आता तीत प्लास्टिक असल्यामुळे ती वरच रेंगाळते. साहेबांनी हे फार मनावर घेतलं.

"म्हणजे उचललेला कचरा हे परत रस्त्यातच टाकतात? शुद्ध कामचुकारपणा! कारणे दाखवा नोटीस काढा."

नोटीस धक्क्यावर चिकटवण्यात आली. मुदतीत एकाही प्लवकाचा खुलासा आला नाही. तोवर ते बरेचसे मेलेही होते, पण कार्यालयाने त्याची नोंद 'पूर्वसूचनेविना गैरहजर' अशी केली.

"मेलेत ते, साहेब," बाई म्हणाल्या.

"मग जागा रिकामी झाली. रिकामी जागा वरच्या श्रेणीतून भरायची. प्लवकांना खाणारं कोण?"

"मासळीची पिल्लं."

"लिहून घ्या," साहेब हेडक्लार्कला म्हणाले.

त्या आठवड्यात भाऊ थेट कार्यालयात आला. ओले पाय फरशीवर उमटवत बाईंच्या टेबलाशी उभा राहिला.

"ताई, जाळ्यात नुसतं पाणी येतंय गं. पण काय सांगू, इतकं स्वच्छ! तुझ्या हापिसानं घासूनपुसून दिलंय म्हणे."

"मी सही केलेली नाही रे."

"मग नको करूस. तेवढंच उरलंय आपल्याकडं."

बाईंनी खरंच केली नाही. साहेब रागावले नाहीत, साहेब कधीच रागावत नसत. पुढच्या नमुन्यात जाळीत एकही जीव अडकला नाही, तेव्हा त्यांनी हेडक्लार्कला शांतपणे विचारलं, "जीवच नाहीत, तर जीव विभाग कशाला?"

विभाग बंद झाला. बंद विभागाची सही लागत नाही. भिंग पाणी विभागाकडे गेलं आणि तिथे ते कागद उडू नयेत म्हणून वापरात आलं. बाई पिशवी घेऊन धक्क्याकडे निघाल्या तेव्हा तिथे मांडव घातला होता. दुसऱ्या पाइपाचं उद्घाटन होतं. फोटोसाठी साहेब चेहरा धुऊन आले होते. मांडवाच्या पलीकडे भाऊ एकटाच जाळी गुंडाळत बसला होता. बाई जाऊन त्याच्या शेजारी बसल्या आणि दुसरं टोक हातात घेतलं.

वरच्या श्रेणीतून जागा भरण्याचं काम मात्र चालूच आहे. पिल्लांमागून मासे झाले, माशांमागून मासे खाणारे झाले. आता ज्यांची नेमणूक झाली आहे, त्यांना अर्ज करावा लागला नाही. पत्रही आलं नाही. गणवेश नाही, पगार नाही, जेवण कामातच आहे. त्यांच्या पोटात काय आहे हे बघणारा विभाग बंद आहे, त्यामुळे अहवाल उत्तमच येणार.

तेव्हा अभिनंदन. आणि एक सांगायचं राहिलं, आज तुमचा चेहरा छान उजळ दिसतोय. निळाच साबण ना?