सुपडूभाऊ बोट बघतात

जी वस्तू आयुष्यात कधी घ्यायची नाही, तिचा भाव सुपडूभाऊंना तोंडपाठ असायचा. वरातीच्या घोड्याचा भाव, बँडवाल्यांच्या मोठ्या ढोलाचा भाव, दवाखान्यातल्या वर-खाली होणाऱ्या खाटेचा भाव, देवळावरच्या कळसाचा भाव. कांदे-बटाटे मात्र त्यांच्या पत्नी, शांतावहिनी, आणायच्या, त्यांचा भाव यांना ठाऊक नसे. कुठल्याही दुकानात बिनदिक्कत शिरायचं, वस्तूवर बोटानं टकटक करायचं, भाव काढायचा आणि शेठच्या थाटात बाहेर पडायचं. मी एकदा वैतागून म्हटलं, "अहो सुपडूभाऊ, घ्यायचं नाही तर त्या माणसाचा वेळ कशाला खाता?" तर म्हणाले, "भाव इचाराले काय जास, बाई?"

काय जास ते मला पुढं कळलं. त्यात माझे एका उन्हाळ्याचे सगळे रविवार गेले.

सुरतेत भेस्तानला आम्ही भिंतीला भिंत लावून राहायचो. ते मूळचे नंदुरबारकडचे. लूमच्या कारखान्यात मास्टर, म्हणजे बिघडलेले लूम चालू करून देणारे. सगळा जन्म त्या खडखडाटात गेल्यामुळं बोलणं मोठ्यानं. कानात सांगितलेली गोष्टसुद्धा मागच्या गल्लीत ऐकू जायची. घरात अहिराणी, कारखान्यात हिंदी, दुकानात गुजराती आणि माझ्याशी या सगळ्यांची भेळ. मी परभणीची, त्यात मराठी शाळेतली बाई, म्हणून माझ्याशी शुद्ध बोलायचा प्रयत्न करायचे आणि दुसऱ्या वाक्याला दमायचे.

तर संक्रांत झाल्यावर एका रविवारी सकाळी ते आमच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, बोट लेवानी शे."

"नातवाला?" मी विचारलं.

"नही. मोठी. मशीनवाली."

माझ्या हातातली पोह्यांची ताटली हातातच राहिली. आमच्या सोसायटीत तेव्हा नळाला पाणी नव्हतं आणि या गृहस्थांना बोट हवी होती.

त्यांचं म्हणणं असं होतं. त्यांचं गाव उकाई धरणाच्या पाण्याकाठी. धरण व्हायच्या आधी तिथून नुसती तापी वाहायची, उन्हाळ्यात इतकी उथळ की बैलगाडी पाण्यातून पलीकडं जायची. पलीकडच्या काठाला आक्कांचं, म्हणजे त्यांच्या थोरल्या बहिणीचं सासर. खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकीबाळी माहेरी येतात, झोके घेतात, गाणी म्हणतात. तिला आणायला भावानं मुराळी होऊन गाडी घेऊन जायचं. सुपडूभाऊ कळायला लागल्यापासून मुराळी. मग धरण झालं, पाणी पसरलं आणि गाडीवाट तळाशी गेली. एस.टी.नं मोठा वळसा घालून आक्का एक-दोनदा आल्या, मग म्हणाल्या, असलं येणं-जाणं मला नको. त्याला कैक वर्षं लोटली. आता गुडघे गेलेत, वय झालंय, आणि त्यांचा निरोप आला होता की यंदाची आखाजी माहेरी करावी वाटते, पुढच्या वर्षीचं कोणी सांगावं.

"यंदा आक्काले आनानंच," सुपडूभाऊ म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज भिंतीपलीकडं गेला नाही.

मी म्हटलं, "अहो, पण तुमच्या गावात कुणाकडं होडी नाही का?"

"आहे की," शांतावहिनी मागून आल्या. "गुलाब, यांचा चुलतभाऊच. मासे मारतो. फुकट आणून सोडेल."

"ती चालाव नही," सुपडूभाऊ म्हणाले.

"का?"

"चालाव नही."

यापलीकडं काही सांगायला तयार नाहीत. गावात फुकटची होडी असताना हा माणूस नवी बोट का शोधतोय, हे कोडं तिथून सुरू झालं. मला जुंपलं ते इंग्रजी वाचता येतं म्हणून.

पहिल्या रविवारी आम्ही उधन्याला गेलो. तिथं फायबरच्या पाण्याच्या टाक्या बनवणारा एक जण सांगेल त्याला होडीही बनवून द्यायचा. टाकी आडवी कापली की झाली होडी, इतका सोपा मामला. भाव ऐकून मीच म्हटलं, घ्या, स्वस्त आहे. सुपडूभाऊ बुटांसकट आत जाऊन बसले. आधी पुढं तोंड करून, मग उलटे, मागं तोंड करून. "आठे टेकाले काय शे?" त्यांनी पाठ दाखवत विचारलं. दुकानदार म्हणाला, प्लास्टिकची खुर्ची ठेवा. सुपडूभाऊ उतरले, टकटक केलं, निघाले.

मग मगदल्ल्याचा किनारा. तिथं लाकडी नव्या होडीचा भाव काढला. भाव फायबरपेक्षा जास्त, पण कोळी म्हणाला, तुमची मुलं म्हातारी होतील तरी होडी टिकेल. मी पुन्हा हिशेब केला, वर्षांनी भागलं, म्हटलं ही परवडते. तर हे पुन्हा आत जाऊन उलटे बसले. होडीच्या मागच्या टोकाकडं बघत म्हणाले, "वल्हं मारनारा कोठे उभा राहस?" कोळ्यानं नेमकं तेच टोक दाखवलं. सुपडूभाऊंनी मान हलवली. कोळी मला हळूच म्हणाला, काका बराबर तो छे ने? मी म्हटलं, मलाही कळेना झालंय, बाबा.

घरी आले की वहिनी विचारायच्या, "झाली का खरेदी?" आणि आम्ही दोघं एकमेकांकडं बघायचो. आखाजी जवळ येत चालली. आक्कांचा दुसरा निरोप आला, मुराळी कधी निघणार.

तेवढ्यात कुठूनसा त्यांच्या हाती एक रंगीत कागद आला. डुमस रोडवर एका शेठनं पाण्यातल्या करमणुकीचं काहीतरी काढायचं ठरवून परदेशी बोट मागवली होती. करमणूक निघाली नाही, बोट कोरी करकरीत पडून होती. त्या कागदावर तिचं चित्र. चित्रात बोट भरधाव चाललेली आणि मागं दोरीला धरून एक माणूस पाण्यावर उभा, पायाखाली दोन फळ्या. सोसायटीतले सगळे आमच्या ओट्यावर जमले. बोटीत चांगल्या गाद्या टाकलेल्या असताना हा माणूस बाहेर का, यावर बराच ऊहापोह झाला. कुणी म्हणालं पडला असेल, कुणी म्हणालं तिकीट काढलं नसेल. खाली इंग्रजीत 'स्की' असं लिहिलेलं, त्याचा मला अर्थ विचारला. मी शाळेची डिक्शनरी काढली, तर त्यात बर्फावरून घसरायच्या फळ्या असं दिलेलं. बर्फ. सुरतेत, एप्रिलमध्ये. मी डिक्शनरी मिटून ठेवली.

सुपडूभाऊंना मात्र काही शंका नव्हती. बैलबाजारात बैल घेताना गाडीचं चाक बांधून ओढायला लावतात तसंच हे, असं त्यांचं मत. "वढ दखाडेल शे," ते म्हणाले. एवढा दांडगा माणूस ओढते म्हणजे बोट कसाची आहे.

पण त्यांचं बोट त्या माणसावर नव्हतंच. बोटीत मागच्या बाजूला निळी, गुबगुबीत, पाठ टेकायची एक सीट होती आणि तीवर एक बाई चालवणाऱ्याकडं पाठ करून मागं तोंड करून बसली होती. "नवऱ्याशी भांडण झालंय," वहिनी म्हणाल्या. सगळे हसले. सुपडूभाऊ त्या सीटवर बोट ठेवून बसून राहिले.

डुमस रोडला गेलो तो दिवस मी विसरणार नाही. "आवो काका, बेसो," तरुण शेठनं थंड पाणी दिलं. आमच्या अवताराकडं बघून त्याला वाटलं, कुणा मोठ्या माणसानं आम्हाला पाठवलं असणार. सुपडूभाऊंनी बोटीला प्रदक्षिणा घातली, बैलाच्या पुठ्ठ्यावर थाप मारावी तशी तिच्या कुशीवर थाप मारली, खाली वाकून पंख्याची पाती दात बघावेत तशी बघितली. मग वर चढले आणि त्या उलट्या सीटवर बसले. बसले ते उठेचनात. डोळे मिटून पाठ टेकवून बसलेले. शेठ भाव सांगत होता. तो भाव ऐकून मला घाम फुटला. तेवढ्यात आमची अख्खी सोसायटी नळासकट आली असती.

"पण काका, बोट शेना माटे जोईए?" कशासाठी हवी, म्हणून शेठनं विचारलं.

"बेनने तेडवा जवानुं छे."

तरुण शेठ माझ्याकडं बघायला लागला. मी छताकडं बघायला लागले. पण कोपऱ्यात त्याचे म्हातारे वडील बसले होते, धोतर-टोपीतले, जन्म कापडबाजारात गेलेला. 'तेडवा' म्हटल्यावर त्यांनी मान वर केली. सासरहून बहिणीला तेडायला, म्हणजे मानानं आणायला, जायचं म्हणजे काय, हे गुजरात्याला वेगळं सांगावं लागत नाही. ते उठून आले, सीटवरच्या सुपडूभाऊंशी बराच वेळ हळू आवाजात बोलले. सुपडूभाऊ आणि हळू आवाज, हे मी दुसऱ्यांदाच बघत होते. मग सुपडूभाऊंनी खांद्यावरचा गमछा काढला आणि म्हाताऱ्या शेठच्या हातावर टाकला. बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत, कापडाखाली हात घालून बोटं दाबतात. मला वाटलं, आता आपल्याला बाहेर काढणार. तर म्हाताऱ्या शेठनंही गमछ्याखाली बोटं दाबली. जुन्या कापडबाजारातही तीच रीत होती म्हणे. दोघांचे चेहरे दगडासारखे, खाली बोटांची वळवळ चालली होती. तरुण शेठ आणि मी शेजारी शेजारी उभे, दोघंही तितकेच गोंधळलेले.

"बराबर छे," म्हातारे म्हणाले.

आणि परतताना रिक्षात आमच्या दोघांच्या मध्ये ती निळी सीट बसलेली होती. बोट नाही. फक्त सीट. कितीला घेतली, ते गमछ्यालाच ठाऊक.

वहिनींनी सीट बघून कपाळावर हात मारला. "अहो, बोट कुठाय?"

"गुलाबनी शे ना," सुपडूभाऊ म्हणाले. जी होडी चालाव नही, तीच आता चालत होती. माझं डोकं पार भणाणलं. शाळेला सुट्टी लागली होती आणि वहिनी म्हणाल्या, चला बाई, आमची आखाजी बघा. मी गेले ती निम्मी त्या सीटसाठी.

गावात पोचल्या पोचल्या सुपडूभाऊंनी सीट गुलाबच्या होडीच्या मागच्या टोकाला स्क्रूनं पक्की बसवली, मागं तोंड करून, आणि गुलाबला सांगितलं, तू पुढं उभं राहायचं. गुलाब चिडला. पुढून होडी कोण हाकतं? सुपडूभाऊ म्हणाले, "गाडी पुढूनच हाकतस ना?"

ते पलीकडं गेले आणि दुपारी आक्कांना घेऊन आले. आम्ही काठावर. होडी जवळ आली तर मला हसावं का रडावं कळेना. आक्का सीटवर नव्हत्याच. पुढं, गुलाबच्या पायाशी, उघड्या फळीवर बसलेल्या, एक गुडघा हातात धरून, डोळे गावाकडं. मागं ती गुबगुबीत निळी सीट रिकामी. मी वहिनींना म्हटलं, "सगळं पाण्यात गेलं की हो." पण सुपडूभाऊंचं तोंड लग्नातल्यासारखं फुललेलं.

आखाजी झाली. आक्का झोक्यावर बसल्या, गाणी म्हणाल्या, दुरडीभर पापड लाटले, भावाला मोठ्या आवाजावरून बोल लावले. आणि निघायचा दिवस आला. काठावर सगळ्यांनी डोळे पुसले. सुपडूभाऊंनी आक्कांना हाताला धरून होडीत चढवलं आणि थेट त्या निळ्या सीटवर बसवलं. स्वतः पुढं गुलाबजवळ उभे राहिले, आमच्याकडं पाठ करून, पलीकडच्या काठाकडं तोंड करून. होडी सुटली.

आक्कांचं तोंड आमच्याकडं होतं. हात हलवला नाही. आरामात पाठ टेकून नुसत्या बघत होत्या. आम्हाला, पिंपळाला, घरांना, काठावरच्या कुत्र्याला.

"गाडीत असंच बसायच्या," शांतावहिनी म्हणाल्या. "मागं पाय सोडून, गावाकडं तोंड करून. हे गाडी हाकायचे. गाव दिसेनासं होईपर्यंत मुद्दाम हळू हाकायचे. एस.टी.त काय, पुढं तोंड, एका वळणात गाव गेलं. म्हणून तर यायच्या बंद झाल्या. येताना काय, कुठंही बसतील. जातानाचंच हो सगळं. नुसत्या होडीत मागं तोंड करून बसायचं म्हटलं तर पाठीला टेकू नाही आणि समोर वल्हेवाल्याची लांडी चड्डी."

लग्न होऊन मी परभणीहून निघाले तेव्हा बसमध्ये पुढं तोंड करून बसले होते. मान वळवून वळवून दुखली होती, तरी आई स्टँडवर किती वेळ उभी होती ते मला दिसलं नाही. तिथं काठावर मला ती बस आठवली आणि मी चक्क रडले.

होडी ठिपक्याएवढी झाली, पलीकडं लागली. बऱ्याच वेळानं परत फिरली. जवळ आली तसं दिसलं, पुढं एकटा गुलाब वल्हं मारत होता. सुपडूभाऊ त्या निळ्या सीटवर बसले होते, आमच्याकडं पाठ करून.

होडी काठाला लागली. गुलाबनं ती ओढून बांधली आणि वल्हं खांद्यावर टाकून घरी गेला. सुपडूभाऊ उठले नाहीत. मी हाक मारणार, तेवढ्यात वहिनींनी माझा हात धरला.

"बसू द्या त्यांना," त्या म्हणाल्या. "आक्का अजून पलीकडच्या काठावरच असतील."