पतनाधारित अध्यापन

शिक्षकाने वर्गात काय शिकवलं हे मोजता येत नाही, आणि जे मोजता येत नाही त्याचा पगार देणं हा बेजबाबदारपणा आहे. हे सत्य उमगताच संस्थेने प्रत्येक फळ्याच्या वर एकेक कॅमेरा बसवला. तो मुलांच्या चेहऱ्यावरचं हसू मोजी. हसू म्हणजे आनंद, आनंद म्हणजे शिक्षण. (उलट्या बाजूने ताळा करायची सोय ठेवलेली नव्हती.)

भूमितीच्या सरांचा आनंदांक शून्य आला. तो एकदाच वर गेला होता, सर रजेवर होते त्या दिवशी.

मुख्याध्यापिकांनी त्यांना बोलावलं. "सर, तुम्ही उत्तम शिकवता, त्याबद्दल तक्रार नाही. पण उत्तरदायित्वाचं काय? या महिन्यात काही दिसलं नाही, तर माझ्या हातात काही राहणार नाही." बाई वाईट नव्हत्या. त्यांच्याही खोलीत कॅमेरा असल्याने हे सगळं त्या हसत हसत बोलल्या.

त्याच विवंचनेत सरांनी फळ्यावर वर्तुळ काढलं, नीट आलंय का बघायला दोन पावलं मागे सरले, आणि चौथऱ्यावरून लाकडी कंपाससकट खाली आले. वर्ग खदाखदा हसला. पहिल्या बाकावरची चष्मेवाली तेवढी धावली. "सर, लागलं का हो?"

आनंदांकाने उच्चांक गाठला. आठवड्याभरात परिपत्रक निघालं: सर्व विषयांत पतनाधारित अध्यापन सुरू करावे, पतन नैसर्गिक वाटावे व शक्यतो पाठाशी निगडित असावे. इतिहासाच्या बाईंना सोपं गेलं, साम्राज्यं कोसळली की त्याही कोसळत. पीटीच्या सरांना मात्र काही केल्या पडता येईना. 'तोल चांगला आहे' असा प्रतिकूल शेरा त्यांच्या गोपनीय अहवालात गेला.

"अहो, गुडघ्याला उशी तरी बांधून जा," भूमितीच्या सरांची बायको शेक देत म्हणाली.

"चालत नाही. त्याने आनंद घटतो."

इकडे चष्मेवाली हसत नसल्याने वर्गाची सरासरी खाली येत होती. तिच्या वडिलांना बोलावण्यात आलं. ते शिंपी होते, काम टाकून आले.

"मुलगी घरी हसते का?" समुपदेशकांनी विचारलं.

"हसते की. काही गमतीचं झालं तर."

(नोंद: पालक असहकार करतात.)

दुसऱ्या दिवशी सर प्रमेयाच्या मध्यावर आले आणि सवयीने चौथऱ्याच्या कडेला सरकले. चष्मेवालीने हात वर केला. "सर, पडायच्या आधी एवढी सिद्धता पुरी कराल का?"

 सर फळ्याकडे वळले आणि ओळीमागून ओळ लिहीत गेले. मागच्या बाकांवरची कुजबुज थांबली. कुणीतरी "अरे, हो की!" म्हणालं. घंटा झाली तरी पोरं वहीत मान घालून बसलेली. कितीतरी दिवसांनी सरांना आपण कामावर आल्यासारखं वाटलं.

आनंदांक शून्य. संध्याकाळी नोटीस आली: 'आपण संपूर्ण तास उभे का राहिलात, याचा लेखी खुलासा करावा.' खुलाशात सरांनी ती सिद्धताच लिहून दिली. तो असमाधानकारक ठरून त्यांना घरी बसवण्यात आलं.

त्यांच्या जागी तरुण सर आलेत. ते खिडकीतून पडतात. प्रवेशाची रांग फाटकाबाहेर गेली आहे. त्या रांगेत आपणही होतात. खिडकी कितव्या मजल्यावर आहे, हे आपण दोनदा विचारून घेतलंत. भूमिती कोण शिकवतं, हे विचारायचं राहून गेलं. साहजिक आहे, गर्दीच तेवढी होती.