मलेरियाचं टचिंग

केबिन रोडवर माझा फोटो स्टुडिओ आहे. चेहऱ्यावरचा एक डाग माझ्या नजरेतून सुटत नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो! आमच्या शेजारच्या शशिकांतचं लग्न जमलं ते त्याच्या गुणांवर नाही, त्याच्या फोटोतले डाग पुसणाऱ्या माझ्या टचिंगवर.

दोन हजार आठची गोष्ट. माझी भाची अनुष्का एमएस्सी करत होती. तिने कॉम्प्युटरला चक्क रक्ताच्या पेशी ओळखायला शिकवलं होतं. ही निरोगी, ही मलेरियाची, असे ढीगभर फोटो दाखवायचे. मग नवा फोटो दिला की कॉम्प्युटर आपणच ओळखतो, आजारात पेशी कशी बदलते तेही सांगतो. ऐकून माझा ऊर भरून आला. आमच्या घराण्यात आजवर कुणाला स्वतःच्या पोरांनाही धड शिकवता आलं नव्हतं.

एका दुपारी ती सीडी घेऊन दुकानात आली.

"मामा, हे फोटो एका साइजचे करून दे ना. उद्या सरांसमोर मशीन चाललं नाही, तर माझं वर्ष गेलं."

"तू जा, मी बघतो."

सीडी उघडली आणि जीव कळवळला. छान गुलाबी, गोल पेशी आणि त्यांच्यावर जांभळे ठिपके! असलं ध्यान पोरगी सरांना दाखवणार? जेवणसुद्धा विसरलो. एकूण एक ठिपका पुसला, वेड्यावाकड्या कडा गोल केल्या आणि नवी सीडी तिच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी कॉलेजातून तिचा फोन आला. आवाज रडवेला.

"मामा, मशीन सगळ्यांना निरोगी म्हणतंय. सर उठायला लागलेत. तू फक्त साइजच बदललीस ना?"

"साइज, आणि थोडं टचिंग. डाग होते गं."

पलीकडून कपाळावर हात मारल्याचा आवाज आला.

"मामा, तोच मलेरिया होता."

नशीब, ओरिजिनल मी कधी टाकत नाही. टच केलेला फोटो बघून 'हा मी नाहीच' म्हणणारं गिऱ्हाईक असतंच. तिची जुनी सीडी खिशात टाकली, दुकानाला कुलूप लावलं, रिक्षा पकडली आणि सरांच्या हातापाया पडून त्यांना बसवून ठेवलं. तिथल्याच कॉम्प्युटरवर साइज करून दिली, ठिपक्यांना हात न लावता.

मशीनने आजारी पेशी पटापट वेगळ्या काढल्या. सरांच्या नजरेतून सुटलेली एक पेशीसुद्धा त्याने पकडली! सर खुर्ची ओढून परत बसले. मी मनातल्या मनात त्या मशीनला हात जोडले, आणि अनुष्काला तर उघडच.

"मामा," घरी येताना ती हसत म्हणाली, "आता मी मशीनला टचिंग ओळखायला शिकवणार."

संध्याकाळी दुकानातला माझा मोठा फोटो मी गुपचूप खाली उतरवला. त्यातले केस टचिंगचे आहेत.