ढोलीतला हुबेहूब पिंगळा

एका जंगलात एक बाग होती. जंगलात बाग कशाला, असं विचारू नका, बाळांनो. विचारणाऱ्यांना बागेत घेत नसत. तिथल्या प्राण्यांनी आपापल्या गुहांना दारं बसवली होती, पडदे लावले होते, आणि हल्ली जंगल बघणंच होत नाही म्हणून ते हळहळत असत. मग त्यांनी जंगलाच्याच एका कोपऱ्याला कुंपण घातलं आणि पाटी लावली : 'निसर्ग इकडे आहे.'

त्या बागेत आंब्याचं एक जुनं झाड होतं. त्याच्या ढोलीत पिंगळेकाका आणि पिंगळेकाकू राहत. पिंगळा म्हणजे मुठीएवढं घुबड. रात्री किडे-उंदीर धरायचे आणि दिवसा झोपायचं, एवढाच त्यांचा संसार. बाहेर कितीही गारठा असो, ढोलीत ऊब असे. काकांचा त्या ढोलीवर फार जीव.

हिवाळा आला आणि पाठोपाठ निसर्गप्रेमी मंडळ आलं. पुढे अध्यक्षा साळिंदरबाई; त्यांची शाल त्यांच्याच काट्यांत अडकून फाटलेली. मागे कानटोप्या घातलेली अस्वलं आणि गळ्यात कॅमेरे अडकवलेली माकडं. सगळ्यांनी आधी हुरडा खाल्ला, वर ताक प्यायलं, आणि मग विचारलं, "पक्षी कुठाय?"

"झोपलाय," झाडावरची खार म्हणाली.

"झोपलाय? आम्ही एवढ्या थंडीचे उठून आलो ते काय झाड बघायला?"

साळिंदरबाईंनी पिशवीतून एक डबा काढला आणि कळ दाबली. डबा परक्या पिंगळ्याच्या आवाजात ओरडला, "चिर्र-चिर्र-चिवक." पिंगळ्यांच्या भाषेत याचा अर्थ : ही ढोली माझी आहे, तू चालता हो.

काका ताडकन बाहेर आले. त्यांनी डोळे वटारले, मान गरागरा फिरवली, पण शत्रू दिसेना. माकडांनी पटापट फोटो काढले.

मग रोज हेच सुरू झालं. दिवसातून दहादा डबा ओरडे आणि दहादा काका भांडायला बाहेर येत.

"अहो, तिथं कुणी नाही. डबा बोलतोय," काकू म्हणाल्या.

"डबा असला म्हणून काय झालं? आज ऐकून घेतलं तर उद्या घरात येऊन बसेल."

काकूंनी पाठ फिरवली आणि डोळे मिटले.

दिवसभर भांडून काका रात्री पेंगू लागले. उंदीर समोरून आरामात जात. काकांची हाडं दिसू लागली, तसे ते एकदा साळिंदरबाईंकडे गेले.

"बाई, तो डबा बंद करा. झोप नाही, पोटात काही नाही. या थंडीत मी मरून जाईन."

"असं कसं मराल?" बाई कळवळून म्हणाल्या. "रविवारी शाळेची सहल येतेय. आणि जरा फुगून बसत जा हो, फोटोत फार किडकिडीत येता."

मंडळाची बैठक बसली. पिंगळा मरगळलेला दिसतो, वेळेवर बाहेर येत नाही, अशा तक्रारी होत्या. सर्वांना मनापासून काळजी वाटली. ठराव एकमताने मंजूर झाला.

रविवारी पहाटे काका-काकू शिकार करून परतले, तर ढोलीत कुणीतरी बसलेलं. गुबगुबीत, टपोऱ्या डोळ्यांचं, अगदी हुबेहूब पिंगळा. काका त्याच्यावर तुटून पडले आणि त्यांची चोच दुखावली. पाहुणा प्लास्टरचा होता. डबा त्याच्या पोटात होता.

"चला," काकू म्हणाल्या. "दुसरं झाड बघू."

काका हलेनात. शेजारच्या फांदीवर बसून, होता नव्हता तेवढा जीव एकवटून ते ओरडू लागले, "ढोली माझी आहे. माझी आहे."

खाली सहलीची पोरं माना वर करून उभी होती. एका अस्वलाने वैतागून वर पाहिलं.

"ए, कोण आहे रे तिकडं? गप्प बस जरा," ते म्हणालं. "पोरांना पिंगळ्याचा आवाज नीट ऐकू येत नाहीये."

आणि एका माकडाने काकांना खडा मारला.

तात्पर्य : निसर्गाचा आनंद सर्वांनी मनसोक्त घ्यावा, निसर्गाने मात्र मध्ये लुडबुड करू नये.