उसनी दुपार

आमच्या नगरपालिकेकडे, घरातल्या आजारी माणसाला सांभाळणाऱ्यांना उसनी द्यायला, एक दुपार आहे. ती पितळी डब्यात ठेवतात. पूर्वी अशा तीन होत्या. त्यातली एक झाकण नीट न लागल्यामुळे उन्हाळ्यात उडून गेली. दुसरी कुठल्याशा उद्घाटनाच्या भाषणांसाठी नेली, ती परत आलीच नाही. राहिलेल्या एकीवर गाव भागवतं.

वापरायची पद्धत सोपी आहे. डबा आजाऱ्याच्या उशाशी उघडून ठेवायचा आणि झाकण आपल्याबरोबर घेऊन बाहेर पडायचं. डबा उघडा असेपर्यंत घरातली वेळ थांबते. गोळी द्यायची वेळ होत नाही, अंथरूण ओलं होत नाही, आजाऱ्याला आपली आठवण येत नाही. दुपार संपत आली की हातातलं झाकण गार पडू लागतं. तसं घरी यायचं, झाकण लावायचं, डबा वरून घासूनपुसून नगरपालिकेच्या विभागात परत द्यायचा. विभाग त्यात पुढच्या माणसासाठी पुन्हा नोंदीएवढी दुपार भरतो. बँक, रेशन, दळण असल्या कामांसाठी ती वापरता येत नाही. रडण्यासाठी वापरली तर विभागाची हरकत नसते.

आमच्या ह्यांचं उजवं अंग लुळं पडलं तेव्हापासून मी या दुपारसाठी रांगेत होते. सायकलचं दुकान होतं त्यांचं. गावातली निम्मी चाकं त्यांच्या हाताखालून गेलेली. आता बोलणंही गेलं आहे. हाका मारतात त्या डोळ्यांनी, आणि डोळ्यांची हाक स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येते हे ज्याने आजारी माणूस सांभाळलं आहे त्यालाच कळेल. माझी तक्रार नाही. म्हणजे आहे, पण मांडायची कुणापुढे? पाहुणे येतात, “किती करता हो तुम्ही त्यांचं” म्हणतात, चहा पितात आणि जातात. कपबशा मीच विसळते.

मला एकच गोष्ट हवी होती. अक्काकडे जाऊन तिच्याकडून वेणी घालून घ्यायची होती.

अक्का माझी थोरली बहीण. घाटापलीकडे वाघोशीला दिलेली. तिची सासू अंथरुणावर आहे, त्यामुळे तिला इकडे येता येत नाही आणि मला तिकडे जाता येत नाही. फोन आहे, पण तिकडून सासू हाक मारते नाहीतर इकडून हे बघतात. हे आजारी पडल्यापासून आम्हा बहिणींचं एकच बोलणं चालू आहे, तुकड्यातुकड्यांनी, आणि ते अजून संपलेलं नाही.

वेणीच का, असं कुणी विचारेल. दिवसभर माझे हात दुसऱ्याच्या अंगावर असतात. पुसायचं, भरवायचं, कुशीवर वळवायचं. माझ्या अंगाला मात्र कुणाचा हात लागत नाही. लहानपणी अक्का पायरीवर बसायची, मी खालच्या पायरीवर, आणि ती केस इतके ओढायची की माझे डोळे तिरळे व्हायचे. तेवढं ओढणारं कुणीतरी मला हवं होतं. या वयात असलं मागणं हसण्यासारखं आहे. हसा खुशाल.

अडचण अशी होती की दुपार लहान होती. एसटी घाट चढेपर्यंतच ती संपायची. पण आपल्याकडे एक वळण आहे, ते इथे कामी आलं. शेजारणीचं भांडं आपण रिकामं परत देत नाही. चार शेंगा, चिमूटभर साखर, काहीच नसलं तर परसातली दोन पानं तरी घालतो. सगळ्यात आधी ही दुपार नेली होती नबीलाल शिंप्याने. म्हाताऱ्या आईला सांभाळायचा. तो सिनेमाला गेला. मध्यंतरात त्याच्या मनात आलं, डबा मोकळाच कसा परत द्यायचा? तो उठून घरी आला आणि उरलेला सिनेमा डब्यात तसाच राहू दिला. पुढे जगदाळ्यांच्या सुनेने थोडी झोप राखून ठेवली. देशमुख मास्तरांनी हॉटेलात निवांत बसून प्यायचा एक चहा ठेवला. जो तो थोडं लवकर घरी येई आणि उरलेल्या दुपारवर झाकण लावी. अशी ती दुपार भरत गेली. माझा नंबर आला तेव्हा ती वाघोशीला जाऊन परत येण्याएवढी झाली होती.

पण डबा घेऊन नेहमीच्या मुरलीधर शिपायाबरोबर या वेळी तारळेकर साहेब स्वतः आले. विभागाचे प्रमुख. चप्पल काढून बाहेरच्या खोलीत खुर्चीच्या कडेवर बसले.

“बाई, ही दुपार नोंदीपेक्षा बरीच जास्त भरते आहे,” ते म्हणाले.

“लोकांनी घातलंय थोडं थोडं.”

“तेच नियमात बसत नाही. साठ्यात घट आली तर खात्याला नवी मागता येते. वाढ आली तर याचा अर्थ गावाला दुपारची गरजच नाही असा होतो, आणि वरचे लोक आहे तीही काढून घेतात. तेव्हा तुम्ही ही पूर्ण वापरा. तळापर्यंत. डबा रिकामा परत द्या, मी त्यात नोंदीप्रमाणे दुपार भरतो.”

“म्हणजे पहिल्याएवढीच?”

“नोंदीएवढी.”

“माझ्यानंतर पुष्पलता सोनवलकरचा नंबर आहे,” मी म्हणाले. पुष्पलता आमच्या मागच्या आळीत राहते, लग्न न करता वडिलांना सांभाळते. “तिला समुद्र बघायचाय. पहिल्याएवढ्या दुपारीत समुद्र कसा गाठणार?”

“तळं बघावं त्यांनी,” साहेब म्हणाले. वाईट मनाने नव्हे. त्यांच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं आणि शर्टाचं एक बटण चुकलेलं होतं.

खरं सांगायचं तर मला त्यांचं म्हणणं पटलं. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी अधिकाराने सांगत होतं की सगळं तूच घे. मी डबा ह्यांच्या उशाशी उघडला. त्यांचे डोळे माझ्यावरून निघाले आणि छताच्या पंख्यावर शांत टेकले. मी झाकण पिशवीत टाकलं आणि निघाले.

एसटीत बसल्याबरोबर मला झोप लागली. ती माझी नव्हती. इतकी निर्धास्त झोप मला येतच नाही. ती जगदाळ्यांच्या सुनेची होती. घाटात जागी झाले तर पुढे नबीलालचा अर्धा सिनेमा सुरू झाला. आधीचा भाग मी पाहिलेला नव्हता, त्यामुळे कोण कुणाचा भाऊ ते कळलं नाही, पण शेवटी सगळे एकमेकांना भेटले आणि मला बरं वाटलं. वाघोशीच्या फाट्यावर मास्तरांचा चहा होता. आलं थोडं जास्त होतं. घाई नव्हती कसली.

अक्का अंगणात शेणाचा सडा टाकत होती. मला बघून तिने हात धुतले, एवढंच. आमच्यात मिठ्याबिठ्या मारत नाहीत.

“वाळलीस की गं,” ती म्हणाली.

“तू तरी कुठं भरलीस?”

“बस. तेल आणते.”

ती पायरीवर बसली, मी खालच्या पायरीवर. खोबरेल तिने कोमट करून आणलं होतं. तिचा हात माझ्या टाळूवर पडला आणि मी रडले. विभागाची हरकत नव्हती.

“उगी,” अक्का म्हणाली. “आधी गुंता काढू दे.”

तिचं घर काही थांबलेलं नव्हतं. वाघोशी नगरपालिकेच्या हद्दीबाहेर आहे. आतून सासूबाई “शेवंते” म्हणून ओरडायच्या, अक्का उठायची, आतलं बघून हात धुऊन परत यायची आणि केस पुन्हा पहिल्यापासून विंचरायची. मी बसून होते. मला वाटत होतं, हे असंच चालावं. सासूबाईंनी हाका माराव्यात, अक्काने जावं आणि परत यावं, आणि माझ्या डोक्यात तिची बोटं फिरत राहावीत.

वेणी मानेखाली आली तेव्हा मांडीवरच्या पिशवीतलं झाकण गार पडायला लागलं. परतीचा रस्ता सोडून वेणी शेवटापर्यंत घालण्याएवढी दुपार अजून होती. नेमकी तेवढीच. मी मोजून आले होते.

“थांब अक्का,” मी म्हणाले.

“आता काय? ऱ्हायलंय किती!”

“डबा रिकामा जाईल.”

तिचे हात थांबले. ती मला अडवेल अशी मनातून आशा होती. जाऊ दे की एकदा रिकामा, असं ती म्हणाली असती तर मी ऐकलं असतं. पण आम्ही दोघी एकाच आईच्या.

“रिकामा कसा दिशील,” अक्का म्हणाली. तिने अर्ध्या वेणीला आपल्या जुन्या लुगड्याच्या काठाची चिंधी घट्ट बांधली, खालचे केस मोकळे सोडले आणि ओंजळीत थोडा वेळ धरून ठेवले. “ही सोडू नगंस. म्होरच्या नंबराला ये. हितनंच पुढं घालते.”

संध्याकाळी मी डबा विभागात नेऊन दिला. तारळेकर साहेबांनी झाकण उघडून आत पट्टी सोडली, रॉकेलच्या टाकीत सोडायचे तशी. पट्टी बरीच वरपर्यंत भिजली.

“तुम्हाला रिकामा आणायला सांगितलं होतं.”

“हात धजला नाही, साहेब. तुमच्या आईनं कधी कुणाचं भांडं रिकामं परत दिलंय का?”

साहेब पट्टी पुसत राहिले. पुसून झाली तरी पुसत राहिले.

“आई आता भांडी ओळखत नाही,” ते म्हणाले. “मलाही नाही.”

“खात्यातल्या माणसाला अर्ज करता येत नाही, वहिनी,” मुरलीधर शिपायाने मला हळूच सांगितलं.

साहेबांनी नोंद केली: डबा रिकामा मिळाला. खाली सही केली. मग डबा रुमालात बांधला आणि जादा साठ्याची तपासणी घरी करावी लागेल, असं म्हणून ते तो घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी डबा परत आला. मुरलीधर म्हणाला, आदल्या दिवसापेक्षा जडच लागला. साहेबांच्या शर्टाची बटणंही सरळ होती.

पुष्पलता समुद्र बघून आली. पायाला वाळू होती, ती तिने झटकली नव्हती. तिने डब्यात काय ठेवलं ते मी विचारलं नाही. माझा नंबर पुन्हा यायला वेळ आहे. अक्काचा फोन येतो, मध्येच तुटतो.

“सोडली न्हाईस न्हवं?” ती विचारते.

“नाही.”

वेणी अजून अर्धीच आहे. ह्यांना भरवायला वाकले की खालचे मोकळे केस पुढे येतात. त्यांचा डावा हात अजून थोडा हलतो, तो त्यात अडकतो. मी तो लगेच सोडवत नाही.