याकोबकाकांचा खोकला

आमचे याकोबकाका चर्चमध्ये गीत म्हणता म्हणता मधेच तोंड मिटायचे. ओळ विसरायचे म्हणून नव्हे, तर ती ओळ त्यांच्याबाबतीत खरी नसायची म्हणून. सर्वस्व प्रभूला वाहिल्याचं काही आलं की काका गप्प. पुढची ओळ आली की पुन्हा सुरू. आवाज असा पहाडी, की ते थांबले की सगळ्या चर्चला कळायचं. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, "अरे, घरी दोन कोट आहेत माझे. एक तर अजून नवाकोरा आहे. सर्वस्व कुठे वाहिलंय? खोटं कशाला बोला?"

'खोटं कशाला बोला' हे त्यांचं पालुपद. बायबलातल्या याकोबाने आंधळ्या बापाला फसवून आशीर्वाद लाटला. त्याची भरपाई करायला देवाने हा दुसरा याकोब नाशकात, आमच्या शरणपुरात पाठवला असावा. आमची घरं भिंतीला भिंत लागून, आणि चर्चमध्ये माझी जागा त्यांच्या मागच्याच बाकावर. त्यामुळे सत्याचा मारा मला आठवड्याचे सातही दिवस.

काका एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. तेव्हा औषधाच्या बाटलीवर डोसांच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवायची पद्धत होती. कळवणकडची एखादी म्हातारी बाटली हातात धरून विचारायची, "बरं वाटंल ना वो, दादा?" काका पट्टी चिकटवत सांगायचे, "गोळ्यांनी वाटेल. हे लाल औषध म्हणजे नुसतं गोड पाणी आहे, नाही घेतलं तरी चालेल." डॉक्टरांनी त्यांना दोनदा काढून टाकलं आणि दोनदा परत बोलावलं. ज्याच्या भरवशावर औषधांचं कपाट उघडं टाकून जावं असा दुसरा माणूस त्यांना मिळेना.

एकदा उपासनेनंतर पाळकसाहेबांनी चर्चच्या दारात हात मिळवता मिळवता विचारलं, "कसा वाटला उपदेश, याकोबराव?" काका म्हणाले, "मधे मला झोप लागली होती. जागा होतो तेवढा बरा होता." त्या दिवसापासून पाळकसाहेब काकांचा हात हातात घेऊन बोलायचे मागच्या माणसाशी.

हे सगळं हसण्यावारी जात होतं, तोवर ठीक होतं.

काकांना मार्था ही एकुलती एक मुलगी. तिची आई लवकर गेली. काकांनीच तिच्या वेण्या घातल्या. त्या वाकड्या व्हायच्या, आणि तिला शाळेत सोडताना "आज वेणी वाकडी झालीय हं" असं सांगायलाही ते विसरायचे नाहीत. मार्था मोठी झाली, बालवाडीत शिकवू लागली आणि नांदगावचं एक स्थळ आलं. मुलगा सालस, रेल्वेत नोकरीला. मार्था त्या दिवसांत अंगणात कपडे वाळत घालतानाही गुणगुणायची. तिला गाता येतं, हे मला भिंतीपलीकडे राहून तेव्हा कळलं.

आमच्यात लग्न ठरलं की तीन रविवार चर्चमध्ये त्याची पुकार होते. पाळक दोघांची नावं वाचतात आणि कोणाला काही हरकत ठाऊक असेल तर सांगावी, असं म्हणतात. हे नुसतं म्हणायचं असतं. तेवढ्या वेळात लोक गीतांच्या पुस्तकाची पानं उलटतात. आजवर कोणी उठलेलं मी पाहिलं नव्हतं.

तिसऱ्या रविवारी नांदगावची मंडळीही येऊन बसली होती. पाळकसाहेबांनी नावं वाचली, विचारलं, आणि माझ्या पुढच्या बाकावरून काका उठले. नवा कोट घातला होता. खणखणीत आवाजात म्हणाले, "मुलीला दहा वर्षांची होईपर्यंत फेफरं यायचं. नंतर आलेलं नाही. मी हे पाहुण्यांना सांगितलं नव्हतं. खोटं कशाला ठेवा?"

मार्था त्यांच्या शेजारीच बसली होती. तिने वर पाहिलं नाही.

उपासना संपल्यावर मुलाची आई बाहेर चिंचेखाली काकांना म्हणाली, "तुमी घरी येऊन कानात सांगितलं असतं, तर आमी इचार केला असता. आता सगळ्या गावाम्होरं झालं. आता नाय जमायचं." मला राग आला, तो तिचा नाही. तिचं काय चुकलं होतं?

मार्थाचं लग्न पुढे झालंच नाही. ती घर सोडूनही गेली नाही. बापाला वेळेवर जेवायला वाढायची, रविवारी त्याच्या शेजारी बसायची. भिंतीपलीकडचं गुणगुणणं मात्र कायमचं थांबलं.

त्यानंतर काकांना तो खोकला लागला. प्रभूच्या प्रार्थनेत एक ओळ येते. आम्ही इतरांना क्षमा केली, तशी तू आम्हाला कर, अशी. पूर्वी काका ही ओळ छातीठोकपणे म्हणायचे. आता नेमकी तीच आली की त्यांना खोकल्याची उबळ यायची, खिडक्यांच्या काचा हलतील अशी. ओळ संपली की खोकला गायब. पोरं तोंडं दाबून हसायची. मोठी माणसं म्हणायची, नांदगाववाल्यांना क्षमा करवत नाहीये बिचाऱ्याला.

मीही एकदा चेष्टेने विचारलं, "काका, खोकला फार झालाय का?"

"नाही. मी मुद्दाम काढतो."

"का?"

"ते विचारू नकोस, सांगावं लागेल."

मी विचारलं नाही. वर्षांमागून वर्षं गेली, एकोणीसशे ऐंशी साल उलटलं, खोकला चालूच होता.

मग काका मोरीत पाय घसरून पडले आणि अंथरुणाला खिळले. त्या रविवारी मार्था एकटीच आली. प्रार्थना सुरू झाली. ती स्वच्छ आवाजात म्हणत होती, मी मागून ऐकत होतो. क्षमेची ओळ आली आणि तिचा आवाज थांबला. ओळ गेली, आवाज पुन्हा सुरू झाला. इतकी वर्षं ही जागा खोकल्याने भरलेली असायची. मुलगी बापाचीच होती. खरं नव्हतं ते तिच्याने म्हणवत नव्हतं.

दुपारी काकांना भेटायला गेलो. मार्था आत होती. काकांनी आवाज खाली आणून विचारलं, "आज कोणाच्या लक्षात आलं का रे?"

"माझ्या आलं."

त्यांनी नजर आढ्याकडे वळवली. मग म्हणाले, "त्या दिवशी उभा राहिलो ना, तेव्हा मला बरं वाटलं होतं. सगळं चर्च माझ्याकडे बघत होतं. देवासाठी उठलो, असं मी आजवर म्हणालो नाही. खोटं कशाला बोला? पण ते खरं तिचं होतं रे. मी तिला विचारलंसुद्धा नाही."

"मग तिच्याशी बोला ना, काका."

"बोललो. माफी मागितली. ती म्हणाली, बाबा, अजून होत नाहीये. होईल तेव्हा सांगेन." त्यांनी डोळे मिटले. "खोटं हो म्हणाली असती तर बरं झालं असतं, असं पहिल्यांदा वाटलं मला."

पुढच्याच महिन्यात काका गेले.

दफनभूमीत माती लोटून झाली आणि पाळकसाहेबांनी प्रभूची प्रार्थना सुरू केली. मार्था कबरेपाशी होती, मी तिच्या मागे. ती ओळ जवळ येत होती. निदान आज तरी म्हणू दे तिला, अशी मी मनात देवाची विनवणी करत होतो. ओळ आली. मार्थाचे ओठ मिटले.

मी जोरात खोकलो.