अण्णांचं शुद्ध मराठी

आमच्या घरमालकांनी, म्हणजे अण्णांनी, एका शोकसभेत चक्क फलक दुरुस्त केला. 'श्रद्धांजली'चं जोडाक्षर उलटं छापलं होतं. लोक डोळे पुसत होते आणि अण्णा स्टुलावर चढून लाल पेनानं 'द्ध' काढत होते. गेलेल्या माणसाचा मुलगा भडकला, तर त्यालाच म्हणाले, "वडील गेले ते वाईटच झालं. पण म्हणून व्याकरणानंही जायचं?"

बंगळूरच्या चामराजपेटेत त्यांच्या कित्येक पिढ्या गेल्या. मी पुण्याची, नोकरीसाठी आलेली, त्यांच्या माडीवर भाड्यानं राहते. पहिल्याच आठवड्यात मी म्हटलं, "अण्णा, गीझर वर्क करत नाहीये."

"अशुद्ध बोलणं म्हणजे गैरवर्तन!" अण्णा कडाडले. "स्वल्प नीट बोल. तीनशे वर्षं आम्ही इथं मराठी सांभाळली, ती काय तुम्ही पुण्याहून येऊन नासवायला?"

"'स्वल्प' कानडी ना, अण्णा?"

"संस्कृत! कानडी लोकांना आम्ही वापरू देतो."

तीन दिवस मी गार पाण्यानं आंघोळ केली. चौथ्या दिवशी "पाणी तापत नाही" म्हटलं, तेव्हा कुठे तासाभरात माणूस आला.

परवा रविवारी सकाळी त्यांचं पार्सल माझ्याकडे आलं, ते द्यायला खाली गेले. त्यांच्या पत्नी, अक्का, अर्धांगवायूनंतर अंथरुणाला खिळल्यात, एवढंच मला ठाऊक होतं. आतून खणखणीत आवाज आला, "गाढवा!"

मी दचकले. अण्णा मात्र "आलो, आलो" म्हणत पाण्याचा पेला घेऊन आत गेले. जरा वेळानं पुन्हा "गाढवा!" अण्णांनी खिडकी उघडली.

"झटक्यानंतर एवढाच शब्द उरलाय तिच्याकडे," बाहेर येऊन ते म्हणाले. "जन्मभर 'अहो' म्हणाली मला."

"मग दुरुस्त नाही करत?" मी चेष्टेत बोलून गेले.

अण्णा खुर्चीत टेकले. "केलं ना. रोज पाटी घेऊन बसायचो. 'पाणी' म्हण, 'अहो' म्हण. तर तिनं बोलणंच सोडलं. अकरा दिवस घरात आवाज नाही." पार्सलची चिकटपट्टी ते उगाच नखानं उकरत राहिले. "शेवटी मीच हात जोडले. म्हटलं, गाढव म्हण, वाट्टेल ते म्हण, पण बोल गं."

आतून पुन्हा हाक आली, या वेळी हळू.

मी पाणी आणायला निघाले, तर अण्णांनी मान हलवली. "काही नकोय तिला. मी आहे का, एवढंच बघते."

आणि दाराकडे जात म्हणाले, "आहे गं."